नास आणि प्रिमिअरचा अल्बम तर आला, आता बाकीच्या अफवांचं काय?

कॅसेटची_पेन्सिल (धागाकर्ता)

मी बारावीत असताना एका हिप-हॉप मासिकाने मुखपृष्ठावर बातमी छापली होती: रॅपर नास आणि निर्माता डीजे प्रिमिअर मिळून अख्खा अल्बम करणार. साल २००६. घरी इंटरनेट नव्हतं, सायबर कॅफेत तासाचे वीस रुपये मोजून ती बातमी वाचली आणि धावत घरी येऊन दादाला सांगितली. तो म्हणाला, "आधी गणिताचा पेपर दे." पेपर दिला, इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी पहिलीत गेली. मग डिसेंबर २०२५ मध्ये अल्बम आला. नाव 'लाइट-इयर्स'. एकोणीस वर्षं लावून हे नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी आहे, एवढं मान्य करायलाच हवं.

ज्यांना या जोडीचं एवढं काय ते कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॅपमध्ये निर्माता म्हणजे शब्दांखाली वाजणारं संगीत, म्हणजे बीट, बनवणारा. नासचा पहिला अल्बम 'इलमॅटिक', एप्रिल १९९४. त्यातली तीन गाणी प्रिमिअरची: 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड', 'मेमरी लेन' आणि 'रेप्रेझेंट'. पुढे १९९६, १९९९, २००१ असं अधूनमधून एखादं गाणं, आणि मग जवळजवळ शुकशुकाट. मुलाखतीत दोघांनाही विचारायचे, दोघंही म्हणायचे होणार, होणार. तेवढ्यात नासने हिट-बॉय नावाच्या निर्मात्याबरोबर २०२० ते २०२३ या काळात सहा अल्बम उरकले आणि त्यातल्या पहिल्यावर आयुष्यातलं पहिलं ग्रॅमीही घेतलं. मी आशा सोडली होती. १९ एप्रिल २०२४ ला, 'इलमॅटिक'च्या तिसाव्या वाढदिवशी, दोघांचं 'डिफाइन माय नेम' आलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या. चहावाल्या मामांनी विचारलं, "विकेट पडली का?"

तर मुद्दा असा की अशा जोड्यांच्या अफवा म्हणजे निव्वळ थापा, हे मला पटत नाही. बहुतेक वेळा दोघं खरंच स्टुडिओत बसलेले असतात, गाणी खरंच झालेली असतात. पुढे काहीतरी अडतं. ते 'काहीतरी' काय असतं, यावर बोलायचंय.

सगळ्यांत मोठं उदाहरण रॅपर-निर्माता डॉ. ड्रेचा 'डिटॉक्स'. १९९२ चा 'द क्रॉनिक', १९९९ चा '२००१', आणि त्यानंतर तिसरा हा. साधारण २००२ पासून याचं नाव घेतलं जात होतं. त्या काळात ड्रेच्या स्टुडिओत पाऊल टाकलेला प्रत्येक रॅपर बाहेर येऊन सांगायचा की मी 'डिटॉक्स'वर आहे. २०१० च्या अखेरीस स्नूप आणि एकॉनबरोबरचं 'कुश' आलं, २०११ मध्ये एमिनेम आणि स्कायलर ग्रेबरोबरचं 'आय नीड अ डॉक्टर' आलं. आम्हाला वाटलं झालं, आता पुढच्या महिन्यात अल्बम. ऑगस्ट २०१५ मध्ये ड्रेने रेडिओवर सांगितलं की तो अल्बम मला आवडला नाही, चांगला झाला नाही, म्हणून काढला नाही. आणि भलताच 'कॉम्प्टन' नावाचा अल्बम हातात ठेवला. तेरा वर्षांची वाट आणि उत्तर काय, तर भाजी बिघडली म्हणून टाकून दिली.

मला त्याचा राग येत नाही. उलट आदरच वाटतो. पण त्या तेरा वर्षांत जे लोक 'मी त्यावर आहे' म्हणत फिरले, ते खोटं बोलत होते का? नव्हते. त्यांनी खरंच रेकॉर्ड केलं होतं.

तुमच्या पोतडीत कुठल्या अफवा आहेत त्या टाका. अट एकच, "माझ्या मित्राच्या मित्राने ऐकलंय" चालणार नाही.

वामकुक्षी_दुपारची

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचेन.

झणझणीत_कट

पेन्सिलभाऊ, एक नंबर धागा. पण रॅपर कान्ये वेस्टला विसरलात. १८ नोव्हेंबर २०१९, त्याने ड्रेबरोबरचा स्टुडिओतला फोटो टाकला आणि खाली लिहिलं की 'जीझस इज किंग'चा दुसरा भाग येतोय. अफवा कसली, माणूस स्वतः सांगतोय! कुठाय तो अल्बम?

आणि त्याच्या जे-झीबरोबरच्या 'वॉच द थ्रोन'चा दुसरा भाग? पहिला ऑगस्ट २०११ मध्ये आला. मी तेव्हा सहावीत होतो.

ओसरीवरचा_पंखा

सहावीत होतात म्हणजे आता तुम्हीही म्हातारे झालात, या आमच्यात.

कान्येच्या बाबतीत माझा नियम साधा आहे. तो बोलतो ते अफवेत धरायचं, तो करतो ते बातमीत. २०१८ मध्ये वायोमिंगच्या डोंगरात बसून त्याने पाच आठवड्यांत पाच अल्बम काढले. २५ मेपासून दर शुक्रवारी एक: पुशा टी, मग स्वतःचा, मग किड कडीबरोबरचा, मग नासचा, मग टियाना टेलरचा. तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता आणि पाचही आले. ड्रेबरोबरच्याबद्दल सगळ्यांचा विश्वास होता, तो अधिकृतपणे आलाच नाही. नासचा 'नासिर' त्यात सगळ्यांत घाईत उरकल्यासारखा वाटतो, हे माझं मत. बसा आता भांडत.

झणझणीत_कट

'नासिर'बद्दल सहमत. बाकी असहमत. कलाकाराने स्वतः जाहीर केलेल्या गोष्टीला अफवा म्हणणं म्हणजे लग्नपत्रिका छापल्यावर "ऐकलंय लग्न आहे" म्हणण्यासारखं.

ओसरीवरचा_पंखा

पत्रिका छापून मोडलेली तीन लग्नं मी पाहिली आहेत. एकात तर केळवणंसुद्धा झाली होती.

हडसनकाठी_जर्सी

मी जर्सी सिटीत असतो. 'इलमॅटिक'मुळे एकदा मुद्दाम न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीत गेलो होतो. तेव्हा एफ गाडीने २१ वा रस्ता–क्वीन्सब्रिज स्टेशनला उतरायचं, वर आलं की समोर त्या सहा मजली विटांच्या इमारती, रांगेने एकसारख्या. नास इथला, मोब डीप ही रॅपर जोडी इथली, निर्माता मार्ली मार्ल इथला. मी लोअर परळचा, त्यामुळे पहिला विचार बीडीडी चाळींचाच आला. तीच एकसारखी खिडकी, तेच खाली उभं असलेलं टोळकं, आणि "हा कोण नवा?" अशी तीच नजर. फोटो न काढता परत आलो.

नास-प्रिमिअरबद्दल एक गोष्ट, प्रिमिअरने अनेकदा सांगितलेली. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'ची बीट मॅनहॅटनच्या डी अँड डी स्टुडिओत तयार झाली. जो चेंबर्स नावाच्या जॅझवाल्याच्या एका जुन्या रेकॉर्डमधले पियानोचे दोनचार सूर उचललेले, तेच परत परत. नास कागद घेऊन माइकसमोर उभा. सुरुवातीला तो पुटपुटतो की हे सुरू कसं करायचं तेच कळत नाहीये. प्रिमिअर काचेपलीकडून हाताने मोजून दाखवतो, आणि तो सुटतो. पहिलं कडवं एका दमात, कुठेही न अडखळता. ते पुटपुटणं गाण्यात तसंच ठेवलंय, हेडफोन लावून ऐका.

हे सांगायचं कारण असं की लोकांना हवी होती ती ही खोली. दोन माणसं, मध्ये काच, आणि बोटांनी मोजलेले आकडे. ईमेलने फाइल पाठवून झालेल्या कामाला हल्ली 'सहकार्य' म्हणतात, पण त्याच्या अफवा उठत नाहीत.

मिक्सरवाला_एरंडवणे

हडसनकाठी, शेवटच्या वाक्यावर थोडा खडा टाकतो. हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, पुण्यात छोटा स्टुडिओ चालवतो. ईमेलवालीच मंडळी जास्त अफवा उठवतात. कशी ते सांगतो.

निर्माता रॅपरला दहा-वीस बीट्सचं एक पुडकं पाठवतो, बीट पॅक. रॅपर त्यातल्या सहांवर रफ गळे टाकतो. गळे म्हणजे आमच्या भाषेत व्होकल. त्याचा मित्र तिथे बसलेला असतो, तो फोनवर पंधरा सेकंद रेकॉर्ड करून स्टोरीला टाकतो. झाली अफवा तयार. निर्मात्याने तेच पुडकं आणखी चौघांना पाठवलेलं असतं. त्यातला जो आधी पैसे देईल, बीट त्याची. म्हणजे तुम्ही जे ऐकलं ते खरं होतं, फक्त गाणं आता दुसऱ्याच्या नावावर आहे.

समजा बीट त्यालाच मिळाली. मग मूळ बीटचे सुटे ट्रॅक मागवायचे, त्यांना स्टेम्स म्हणतात. ते येईपर्यंत महिना. मग स्प्लिट शीट, म्हणजे कोणाचा किती टक्के हिस्सा. इथे सख्खे मित्र बोलेनासे होतात. आणि बीटमध्ये जुन्या गाण्याचा तुकडा असेल तर दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात, एक रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि एक चाल-शब्दांच्या मालकाची. एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, तर गाणं कपाटात.

माझ्याकडे एक पोरगा यायचा, कोथरूडचा, लिहायचा फार सुंदर. त्याने जुन्या मराठी गाण्याच्या सुरुवातीचा सनईचा चार सेकंदांचा तुकडा घेतला होता. आम्ही रीतसर पत्र पाठवलं. सात महिन्यांनी उत्तर आलं की "कृपया विहित नमुन्यात अर्ज करावा". विहित नमुना पाठवा म्हटलं, तर त्याला उत्तर नाही. शेवटी ओळखीच्या सनईवाल्या काकांना बोलावून नवीन वाजवून घेतलं. ते जुन्यापेक्षा स्वच्छ होतं आणि म्हणूनच बेचव होतं. पोराने गाणं काढलंच नाही. त्याच्या मित्रमंडळींत आजही अफवा आहे की "ते सनईवालं येतंय".

याचंच मोठं रूप बघा. २०१९ मध्ये पिएर बोर्न नावाच्या निर्मात्याने यंग नूडीबरोबर 'स्लिमेर' नावाचा अल्बम केला. त्याच कामातलं एक गाणं प्लेबॉय कार्टीबरोबर होतं. बीटमध्ये एका जपानी गाण्याचा तुकडा, माई यामाने या गायिकेचा. परवानगीचं जमलं नाही, गाणं अल्बममध्ये आलं नाही. पण ते आधीच फुटलं होतं, आणि कुणीतरी भलत्याच नावाने ते स्पॉटिफायवर चढवलं. ते तिथल्या अमेरिकेच्या व्हायरल यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं! ज्यांचं गाणं त्यांच्या हाती काही नाही, आणि कोण कुठला खातं उघडणारा पहिला.

झणझणीत_कट

'पिसी पॅम्पर', हेच ते गाणं! मी तेव्हा ते दिवसाला चाळीस वेळा ऐकायचो. आईने विचारलं होतं की हे लहान बाळ कोण गातंय.

आणि म्हणूनच मी फुटलेल्या गाण्यांच्या बाजूने आहे. कंपन्या काढणार नाहीत, मग आम्ही ऐकायचं कसं?

कॅसेटची_पेन्सिल

मिक्सरवाले, साष्टांग दंडवत. वेगळा धागा काढा यावर.

झणझणीत, मी तुमच्या वयाचा नसतानाही तुमच्यासारखाच वागलोय, म्हणून सांगतो. परदेशात चाहत्यांचे गट वर्गणी काढून न आलेली गाणी विकत घेतात. गणपतीच्या वर्गणीसारखंच, पावती सोडून. मी अशा एका वर्गणीत साडेतीन हजार रुपये घातले होते, ड्रेच्या काळातलं एक गाणं मिळणार म्हणून. फाइल आली. सुरुवातीला दार उघडल्याचा आवाज, खोकला, मग बीट. अंगावर काटा आला. तीन दिवसांनी कुणीतरी दाखवून दिलं की शब्द एका जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्यातून उचललेत आणि बीट यूट्यूबवर फुकट मिळते. खोकला मात्र खरा असावा. बायकोला अजून सांगितलेलं नाही, आणि ती हे संस्थळ वाचत नाही.

आता तर आवाजही बनवता येतो. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकेंडच्या नकली आवाजातलं गाणं आलं, लाखो लोकांनी ऐकलं, कंपनीने काढायला लावलं. पुढच्या वर्षी मेट्रो बूमिन या निर्मात्याने ड्रेकची खिल्ली उडवायला एक बीट फुकट वाटली, तिच्यातला जुन्या सोल गायकासारखा आवाज यंत्राचा होता. पूर्वी फुटलेलं गाणं खरं की खोटं हे आवाजावरून ओळखायचो. तो दरवाजाही बंद झाला.

रेडिओ_सिलोन_४९

मी या विषयातला नाही. मुलगा अमेरिकेत असतो आणि हेच ऐकतो, म्हणून धागा उघडला. मूळ लेख लांब होता, तो वगळून प्रतिसादच वाचले. वयाची सवलत द्यावी.

श्री. मिक्सरवाले यांनी परवानगीचा विषय काढला म्हणून लिहितो. लताबाईंच्या एका गाण्यावरून अमेरिकेत खटला झाला होता तो आपणांस ठाऊक असेलच. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. २००२ साली तिकडे ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' नावाचं गाणं आलं, त्यात लताबाईंचा आवाज जवळजवळ संपूर्ण गाण्यात मागे चालू आहे. ते तिकडच्या यादीत पहिल्या दहांत गेलं. डीजे क्विक या त्याच्या निर्मात्याने सांगितलं होतं की सकाळी टीव्ही लावला, हिंदी चित्रपट चालू होता, गाणं आवडलं म्हणून व्हीसीआरवर रेकॉर्ड करून घेतलं. म्हणजे आपण शेजाऱ्याच्या अंगणातलं जास्वंद देवाला वाहतो, तसं. सारेगमने ५० कोटी डॉलरचा दावा लावला. फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सांगितलं की बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय तबकडी विकायची नाही.

ही जी कंपनी होती ती कुठल्याशा ड्रे नावाच्या डॉक्टरांची होती, असं तेव्हा वर्तमानपत्रात वाचल्याचं स्मरतं. ते हेच का?

कॅसेटची_पेन्सिल

काका!! हेच ते डॉक्टर. कंपनीचं नाव आफ्टरमॅथ.

आणि तुम्ही नकळत या धाग्याच्या गाभ्यालाच हात घातलात. त्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये एक पुरुष रॅपर आहे ना, तो राकीम. ऐंशीच्या दशकातला सगळ्यांचा गुरू, यमकात यमक घालायला ज्याने शिकवलं तो. २००० च्या सुमारास ड्रेने त्याला करारबद्ध केलं. राकीम आणि ड्रे! आमच्यासाठी ते भीमसेन जोशी आणि एखाद्या मोठ्या संगीतकाराने एकत्र बसावं तसं होतं. अल्बमचं नावही ठरलं होतं, 'ओह माय गॉड'. तीन वर्षं आज येतो उद्या येतो. २००३ मध्ये राकीम बाहेर पडला. ड्रेला हवं होतं बंदुका-मारामारीचं रॅप, राकीमला ते नको होतं, असं त्यानेच पुढे सांगितलं. एवढ्या मोठ्या जोडीतून आम्हाला जे थोडंफार मिळालं, त्यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं लताबाईंच्या आवाजावर उभं होतं, आणि त्यावरही कोर्टाची स्थगिती.

हडसनकाठी_जर्सी

काकांच्या खटल्याला जोडून दुसरा. निर्माता टिंबालँडने २००५ मध्ये द गेम या रॅपरच्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात 'आराधना'मधलं 'बागों में बहार है' वापरलं. पुन्हा लताबाई, बरोबर रफीसाहेब. सारेगम पुन्हा कोर्टात. पण या वेळी हरले. २०११ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९६७ चा करार काढून वाचला आणि सांगितलं की कंपनीकडे हक्क फक्त दोन वर्षांसाठी होता, नंतर तो निर्मात्यांकडे, शक्ती फिल्म्सकडे परत गेला. म्हणजे ज्याच्या मालकीवरून भांडण, तो मालकच निराळा निघाला. आमच्या गावच्या जमिनीचा खटला आठवला.

रेडिओ_सिलोन_४९

सातबारा आधी पाहावा, हे आमचे वडील सांगत.

ओसरीवरचा_पंखा

काका येऊन बाजी मारून गेले.

मॅडलिबचं नाव कुणी घेतलं नाही अजून. भारतीय गाण्यांवर जीव असलेला अमेरिकन निर्माता म्हणजे हा. २००७ मध्ये 'बीट कंडक्टा इन इंडिया' म्हणून अख्खी तबकडी काढली, आपल्या हिंदी चित्रपटांच्या गाण्यांचे बारीक बारीक तुकडे. आमच्या घरी ती लागली की बाबा म्हणतात, "सुई अडकली बघ."

त्याची आणि रॅपर एमएफ डूमची जोडी म्हणजे मॅडव्हिलन. पहिला अल्बम मार्च २००४. त्याची गोष्ट अफवेच्या उलटी आहे. मॅडलिब ब्राझीलला गेला होता, हॉटेलच्या खोलीत बसून छोट्या यंत्रावर बीट्स करत होता. साओ पावलोच्या दुकानांतून उचललेल्या तबकड्या, हातात उचलून नेण्याजोगा रेकॉर्ड प्लेअर, आणि वहीएवढं सँपलर, म्हणजे गाण्यांचे तुकडे उचलून वाजवणारं यंत्र. त्याच सुमारास कच्ची गाणी फुटून इंटरनेटवर आली. दोघांचा मूडच गेला, काम बाजूला पडलं. पुन्हा हातात घेतलं तेव्हा डूमने कितीतरी ओळी नव्याने, खालच्या, झोपाळू आवाजात म्हटल्या. तोच आवाज आज आपल्याला आवडतो. फुटली नसती तर वेगळाच अल्बम मिळाला असता.

दुसऱ्या भागाची वाट आपण सगळ्यांनीच पाहिली.

कॅसेटची_पेन्सिल

हो. डूम ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला आणि जगाला ३१ डिसेंबरला कळलं. मधले दोन महिने आम्ही "मॅडव्हिलनचा दुसरा भाग येतोय" या बातमीवर वाद घालत होतो. मी स्वतः नोव्हेंबरात एका ठिकाणी लिहिलं होतं की आता फार दिवस नाहीत, पुढच्या वर्षी नक्की. तो प्रतिसाद अजून तिथेच आहे. काढून टाकता येतो, पण काढलेला नाही.

झणझणीत_कट

वातावरण गंभीर झालं म्हणून एक मजेशीर. अल्केमिस्ट नावाच्या निर्मात्याने सांगितलं होतं की मी आणि अर्ल स्वेटशर्ट या रॅपरने एक अख्खा अल्बम खोट्या नावाने यूट्यूबवर टाकून ठेवलाय आणि कुणालाच सापडलेला नाही. लोक वेडे झाले. रात्र रात्र शोधत बसले. कुठलंही शंभर व्ह्यू असलेलं विचित्र खातं दिसलं की "हेच!". शेवटी २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोघांचा 'व्हॉर डीर' रीतसर आला. मी स्वतः दोन आठवडे एका फिनलंडच्या माणसाचा बासरीचा चॅनल ऐकत होतो, हाच तो असं समजून.

ओसरीवरचा_पंखा

बासरीचं म्हणाल तर रॅपर आंद्रे ३००० आहेच. सतरा वर्षं लोक रॅपच्या अल्बमची वाट बघत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, त्यात एक शब्द नाही, नुसती फुंक. पहिल्या तुकड्याच्या नावातच त्याने लिहून टाकलं की मला खरंच रॅपचाच अल्बम करायचा होता, पण वाऱ्याने इकडे आणलं. मला आवडला. बायकोने योगासनांना लावला.

मिक्सरवाला_एरंडवणे

उशिरा का होईना पण आलेल्यांचीही नोंद हवी. रॅपर ब्लॅक थॉट आणि निर्माता डेंजर माउस: २००० च्या दशकाच्या मध्यापासून बोलणं चालू, ऑगस्ट २०२२ मध्ये 'चीट कोड्स'. वाट पाहण्याचं चीज झालं, असं मोजक्या वेळी म्हणता येतं, त्यातला हा. स्नूप आणि ड्रे: १९९३ नंतर थेट डिसेंबर २०२४ मध्ये 'मिशनरी'. हा मला बेताचाच वाटला.

आणि क्लिप्स. पुशा टी आणि त्याचा भाऊ, असे दोघे रॅपर, आणि अख्ख्या अल्बमला निर्माता फॅरेल, जुलै २०२५. कागदाचं महत्त्व बघायचं तर हा किस्सा. अल्बम तयार, एका गाण्यात केन्ड्रिक लमारचं कडवं. पुशा टीच्या सांगण्यानुसार कंपनीला ते कडवं बदलून हवं होतं, किंवा काढून. भावांनी अल्बम बदलला नाही, कंपनी बदलली. बाहेर आपल्याला एवढंच दिसत होतं की "येणार येणार म्हणतात आणि पुढे ढकलतात".

वामकुक्षी_दुपारची

वाचला एकदाचा सगळा. आपल्याकडचं कुणी काही बोलणार की नाही? नासची मास अपील कंपनी २०१९ मध्ये भारतात आली आणि पहिला करार केला तो अंधेरीचा रॅपर डिव्हाइनशी. त्याच वर्षी 'गली बॉय'साठी 'एनवाय से मुंबई' झालं, नास, डिव्हाइन, नेझी आणि रणवीर. त्याआधी कुणी सांगितलं असतं की कुर्ल्याचा पोरगा नासबरोबर गाण्यात आहे, तर मी त्याला ठाण्याला नेऊन भरती करायला सांगितलं असतं.

झणझणीत_कट

ते गाणं तितकंसं जमलं नाही, पण नाव छापून आलं हे खरं.

माझ्या मते आपल्याकडे परदेशी निर्मात्याच्या अफवांमागे धावायची गरजच नाही. डिव्हाइन-नेझीच्या 'मेरे गली में'ची बीट दिल्लीच्या सेझची. रॅपर हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्स' हैदराबादच्या कलमीने केलं आणि मग अमेरिकेचा रॅपर एसॅप रॉकीच रिमिक्समध्ये आला. पुढच्या 'रन इट अप'च्या व्हिडिओत आपला मर्दानी खेळ आहे, दांडपट्टा फिरतो तेव्हा मी आजोबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "पवित्रा नीट घेतलाय."

रेडिओ_सिलोन_४९

हडसनकाठी यांनी सांगितलेलं ते न्यूयॉर्कचं गाणं मुलाकडून मागवून हेडफोनवर ऐकलं. शब्द तीस टक्के समजले. सुरुवातीचं पुटपुटणं ऐकलं. मैफलीत काही गवई पहिला सा लावण्याआधी तंबोऱ्याकडे बघून स्वतःशीच काहीतरी बोलत, ते माइकवर येत असे आणि आम्ही पुढच्या रांगेत बसून ते ऐकण्यासाठी कान टवकारत असू. तसं वाटलं. पियानोचे ते सूर दोन दिवस डोक्यातून जात नाहीयेत.

त्या डॉक्टर ड्रे यांचंही एखादं ऐकावं म्हणतो. वर सगळे 'डिटॉक्स', 'डिटॉक्स' म्हणताना दिसत आहेत. चांगला दिसतो. तो कुठे मिळेल?

कॅसेटची_पेन्सिल

काका, कृपा करून मूळ लेख वाचा.